उजवीकडून लिहू का डावीकडून

माझ्या वडिलांना मराठी लिहिता येत नव्हतं असं सांगितलं की माझ्या नातवंडांना ती थाप वाटते. घर ब्राह्मणाचं, देव्हाऱ्यात रोज पूजा, बाबांचं बोलणं खणखणीत मराठी, रागावणं तर त्याहून मराठी; मग लिहिता कसं येत नव्हतं? पण निजामाच्या राज्यात बाबांची शाळा उर्दूची होती, कचेरी उर्दूची होती, अर्ज, हुकूम, नकला सगळं उर्दूतच चालायचं. बाबा त्यात इतके मुरले होते की लांबलांबचे लोक त्यांच्याकडूनच अर्ज लिहून घ्यायला थांबत. त्यांचं उर्दू अक्षर मला वाचता येत नसे, पण बघायला आवडायचं. बोरू कागदावर टेकला की उजवीकडून डावीकडं न अडखळता निघायचा आणि ओळ संपली की बाबा मान किंचित कलती करून तिच्याकडं बघायचे. मराठी त्यांना पोथीपुरती वाचता यायची, तीही अर्धी पाठ असल्यामुळं. लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. गावात त्यांना मुनशीजी म्हणत आणि आईला मुनशीणबाई.

आम्ही औरंगाबादला गुलमंडीच्या मागं एका कापडवाल्याच्या माडीवर दोन खोल्यांत राहत होतो. खाली दुकानात थान उलगडल्याचा फडफड आवाज, शेजारच्या बोळात हिमरू कापड विणणाऱ्या मागांची दिवसभर खटखट, टांग्यांचे घुंगरू, मशिदीतली अजान आणि ती संपते न संपते तोच देवळातली घंटा. त्या आवाजांची एवढी सवय होती की सुटीत पाचोडला काकांकडं गेलं की मला चुकल्यासारखं व्हायचं. सैपाकघर म्हणजे मागच्या खोलीतला एक कोपरा. तिथं आई बसलेली असायची. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कधी आंबट वरण. पाट्यावर वाटताना तिचं तोंड चालू असे. आईला शब्द जुळवायची खोड होती. मांजरीनं दूध सांडलं की मांजरीवर, पाहुणा जास्त दिवस राहिला की पाहुण्यावर, चूल धुपली की चुलीवर, ती दोन ओळी जोडून गुणगुणायची आणि विसरूनही जायची. त्याला गाणं करणं म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. आम्हांलाही नव्हतं.

बाबांचे कचेरीतले सोबती म्हणजे सिराजचाचा. दोघं शेजारी शेजारी बसून काम करत आणि दोन गल्ल्या सोडून राहत. चाचा उंच, सावकाश बोलणारे, मेंदीनं रंगवलेली आखूड दाढी. बाबांना ते पंडत म्हणायचे, बाबा त्यांना सिराजमियाँ म्हणायचे, आणि दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचे. संध्याकाळी ते आमच्या माडीवर यायचे, बाहेरच्या खोलीत तक्तपोसावर बसायचे. त्यांच्या चहाचा कप वेगळा होता, खिडकीच्या फळीवर ठेवलेला. तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नसे, त्यांनाही वाटत नसावं असं आम्ही धरून चालायचो. आज हे लिहिताना हात अडखळतो. ईदला ते शेवया, खारका आणि साखर कोरडीच पाठवायचे, म्हणजे आईला आपल्या भांड्यात आपल्या हातानं शिजवता यावं. दिवाळीत आई त्यांच्याकडं करंज्यांचा डबा पाठवायची. तो डबा कधी रिकामा परत आला नाही.

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. आमच्या घरात त्याआधीही भीती होती, रझाकारांची. ती एकदम गेली. बाबांनी त्या दिवशी गोड करायला सांगितलं आणि आईनं शिरा केला, हे मला आठवतं. पण आमची भीती ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं ती चाचांच्या घरात शिरली, हे कळायला मला बरेच दिवस लागले. चाचांच्या बायकोचं माहेर खेड्यात होतं. तिकडचं घर ओस पडलं. किती माणसं गेली हे चाचा सांगत नसत आणि बाबा विचारत नसत. संध्याकाळी दोघं बसायचे, चहा व्हायचा, पण मध्येच बोलणं थांबायचं आणि खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक काय भाव करतंय ते माडीवर स्पष्ट ऐकू यायचं.

काही काळानं कचेरीत हुकूम निघाला की इथून पुढं कारभार मराठीत. ज्यांना येत नाही त्यांनी शिकून घ्यावं, परीक्षा होईल. नवे साहेब बाहेरून आलेले, त्यांना उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. बाबा घरी आले, शेरवानी खुंटीला लावली, रूमी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिचा गोंडा कितीतरी वेळ बोटानं सरळ करत बसले. मग म्हणाले, "कुसुम, तुझी अंकलिपी आहे का गं?"

अंकलिपी माझी कधीच फाटली होती. बाबांनी गुलमंडीवरून नवी आणली, दोन पाट्या आणल्या. दुसरी पाटी चाचांची. अशी मी माझ्या वडिलांची आणि सिराजचाचांची मास्तरीण झाले. मी तेव्हा मराठी शाळेत सहावी-सातवीत असेन. रोज दिवेलागणीच्या आधी दोघं तक्तपोसावर मांडी घालून बसायचे, मी समोर. ज्यांच्या हातून हुकूम सुटायचे ते दोन बाप्ये "क ला काना का" गिरवायचे. गंमत अशी की दोघांचेही हात आपोआप पाटीच्या उजव्या कडेला जायचे. मी ओरडायची, "बाबा, डावीकडून!" बाबा पुसायचे, पुन्हा लिहायचे, आणि दुसऱ्या ओळीला हात पुन्हा उजवीकडं. चाचांची तऱ्हा निराळी. ते आधी पाटीभर लांबलचक शिरोरेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला खालून एकेक अक्षर लावायचे. मी हसले तर म्हणाले, "क्या हँसती बेटा? पैले रस्सी बांधना, फिर कपडे सुकाना. पंडत, ये तुमारे हरफां रस्सी पे लटकते क्या रे?"

पाट्यापाशी बसलेली आई हे सगळं ऐकत होती. दोन-तीन दिवसांनी वाटता वाटता तिचा आवाज बाहेर आला:

"उजवीकडून लिहू का गं, डावीकडून लिहू?
सांग माझ्या सरकारणी, कोणीकडून लिहू?
अलिफ उभा काठीवाणी, 'अ'ला सुटलं पोट,
कान्याला मी टेकू दिला, वेलांटीला बोट!"

बाबांचा पेन्सिलीचा हात थांबला. चाचांनी मान वर केली. आईला वाटलं आपण हळू म्हणतोय, म्हणून ती तशीच पुढं म्हणत राहिली:

"उजवीकडं वाढली चटणी, डावीकडं भाजी,
ताट फिरवून बसली बघा मुनशीणबाई माझी!"

आधी चाचा हसले. त्या सगळ्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते असे हसले की पाटी मांडीवरून खाली पडली. मग बाबा हसले, मी हसले, आणि आत आईनं लाजून तोंडाला पदर लावला. "भाबी, फिरसे बोलो," चाचा म्हणाले. दुसऱ्या दिवशी धडा सुरू झाला तसं पाट्यावर वाटण आलं आणि गाणंही आलं. पुढं ते रोजचं झालं. आई एखादं कडवं जोडायची. चाचा त्याला "वाह" म्हणायचे. बाबा खोटं खोटं रागवायचे. "अरे, नवऱ्याची टिंगल करायलेय ही, आणि तू दाद देतोस!" मला वाटतं, आमच्या घरातले ते शेवटचे चांगले दिवस. तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

दिनूमामा आमच्याकडंच राहायचा. आईचा धाकटा भाऊ, गुलमंडीवर कापडाच्या दुकानात कामाला. देखणा, गळा गोड, आणि गणपतीच्या मेळ्यात त्याचा पुढाकार. त्या वर्षी मेळ्याला जोर होता. निजामाच्या काळात जपून गायची गाणी आता मोकळ्यानं गायची होती. मामाला एक हसवणारं गाणं पाहिजे होतं. तो आईजवळ येऊन बसला. "अक्का, तुझं ते उजवीकडून-डावीकडून मला दे ना. लई बहार येईल."

आई आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "माझं नाव नको सांगू कुणाला. आणि ह्यांना आवडलं पाहिजे." तिचा चेहरा मात्र फुलला होता. आपण केलेलं काही घराबाहेर जाईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "म्हणा की. आख्ख्या कचेरीचीच गत आहे, माझी एकट्याची थोडीच?" मामानं ट्रंकेतली बाबांची जुनी शेरवानी मागून नेली, सोंगासाठी.

सिराजचाचा आधी दरसाल गुलमंडीवर मेळे बघायला यायचे, पुढं खुर्ची टाकून बसायचे. त्या वर्षी ते येणार नव्हते. बाबाच त्यांना आणायला गेले. मी बरोबर होते. "चल रे सिराजमियाँ, आपलं गाणं आहे आज," बाबा म्हणाले. "आपल्या दोघांचं." चाचांनी बायकोकडं पाहिलं. मग ते अचकन घालून, टोपी घालून आमच्याबरोबर निघाले. वाटेत ओळखीची माणसं भेटत होती. बाबा प्रत्येकाला मुद्दाम हाक मारत होते, जरा मोठ्यानंच.

गुलमंडीच्या चौकात गॅसबत्त्या लागल्या होत्या, माणूस माणसाला लागून उभा होता. आम्हांला पुढं जागा मिळाली. आधी नमन, मग देशाची गाणी. मग ढोलकी वाजली आणि दिनूमामा आला. अंगात बाबांची शेरवानी, डोक्यावर रूमी टोपी. आणि हनुवटीला मेंदीच्या रंगाची आखूड दाढी. बाबांना दाढी नव्हती. मी बाबांकडं बघितलं. ते अजून हसत होते, पण ते हसू जागच्या जागी थांबलेलं होतं.

पहिलं कडवं आईचं. लोक हसले. ताटाचं कडवं आईचं. बायका फिदीफिदी हसल्या. मग मामा दोन पावलं पुढं आला, टोपी हवेत उडवली आणि आम्ही कधी न ऐकलेलं कडवं त्यानं सुरू केलं:

"टोपी उडाली, गोंडा राहिला, मियाँ झाला गार,
उलटं लिहिता लिहिता ज्याचं उलटलं सरकार!"

चौक जसा उसळला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर. "पुन्हा! पुन्हा!" मामानं ते कडवं पुन्हा म्हटलं, दाढी कुरवाळत, चाचा चालायचे तसं सावकाश चालत. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, तो बघा, खराच बसलाय पुढं!" आणि माणसं माना उंच करून चाचांकडं बघायला लागली. चाचा उठले. घाईनं उठले नाहीत. त्यांनी अचकन नीट केली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून वाट काढली आणि गर्दीतून निघाले. लोकांनी वाट दिली, पण हसत दिली. बाबा उभे राहिले. मला वाटलं ते मंचाकडं जातील, काहीतरी बोलतील. ते तसेच उभे राहिले आणि मग खाली बसले. त्या बसण्याविषयी बाबा आयुष्यात कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

घरी आई वाट बघत होती. ती मेळ्याला आली नव्हती. पण गाण्याला मिळालेल्या टाळ्या माडीपर्यंत ऐकू आल्या होत्या. जिन्यात आमची चाहूल लागताच ती दारात आली. "कसं झालं?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "आवाज चांगला लागला दिनूचा." आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. काय झालं ते मी आईला सांगितलं. कडवंही म्हणून दाखवलं. ती ऐकत असताना तिचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथंच राहिला.

मामा आला तो हार गळ्यात घालूनच. आईनं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"ते टोपीचं कडवं काढून टाक, दिनू."

"अक्का, त्याच्यावर तर लोक जीव टाकायलेत! उद्या दोन ठिकाणी बोलावणं आहे."

"सिराजभाई समोर बसले होते."

"मग? त्यांच्या राज्यात आपण काय काय ऐकलं? एवढं तर त्यांनी ऐकावं."

"त्यांचं राज्य? त्यांचं काय राज्य होतं रे? ते ह्यांच्या शेजारी बसून कागद खरडायचे."

मामानं गळ्यातला हार काढून हातात घेतला. मग म्हणाला, "ते काय आता माझ्या हातात राहिलंय व्हय? पोरं आत्ताच म्हणत म्हणत गेली रस्त्यानं."

"मग माझं गाणं मला परत दे."

मामा हसला. "गाणं परत कसं देतात गं अक्का?"

आईनं दार लावून घेतलं. मामा त्यानंतर दुकानमालकाकडंच राहायला गेला. राखीला, भाऊबीजेला यायचा, आई ओवाळायची, पण तिनं त्याला बसून जेव म्हटलेलं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा चाचांकडं निघाले. धड्याची वेळ होती म्हणून मी अंकलिपी बरोबर घेतली. चाचांनी दार उघडलं, बाजूला झाले आणि म्हणाले, "आइए. तशरीफ रखिए."

बाबा दारातच थबकले. इतक्या वर्षांत चाचांनी त्यांना कधी आइए म्हटलं नव्हतं. आम्ही बसलो. चहा आला, चांगल्या कपांतून. बाबांनी तो घेतला. आधी कधी त्यांच्या घरी ते चहा घेत नसत. त्या दिवशी त्यांनी कप तळापर्यंत रिकामा केला. मग म्हणाले, "सिराज, ते कडवं घरातलं नव्हतं रे. तुला माहीत आहे."

"मालूम है मेरे कू," चाचा म्हणाले. "भाबी का गाना अच्छा था. मैं हँसा था ना? सबसे पैले मैं हँसा था." "मगर लोगां वो वाला नै गारे, पंडतजी."

त्या 'जी'नं बाबांची मान खाली गेली. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी अंकलिपी पुढं केली. आम्ही जोडाक्षरांपर्यंत आलो होतो. चाचांनी ती हातात घेतली, दोन पानं चाळली आणि बंद करून माझ्या मांडीवर ठेवली. "बस बेटा," ते म्हणाले. "मेरे से नै होता अब." आतून त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी मूठभर खारका पाठवल्या. परत येताना मी त्यातली एकही खाल्ली नाही.

पुढं चाचा कचेरीत जात राहिले, बाबाही जात राहिले. शेजारी शेजारीच बसत होते. पण कचेरीच्या दारात कुणी ना कुणी विचारायचंच, "काय मुनशीजी, आज कोणीकडून?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसे. गाणं तोवर सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. शाळेत मुली मला तेच विचारायच्या. त्या हिवाळ्यात पाचोडला चुलतबहिणीचं लग्न होतं. आठवडी बाजारात एक गूळवाला गिऱ्हाईक बोलवायला ते गाणं म्हणत होता, आणि लग्नघरी बायकांनी नवऱ्याला चिडवायला तेच म्हटलं. आई बायकांत बसली होती. कुणीतरी तिला म्हणालं, "तुम्ही शहरातल्या, तुम्हांला तर सगळं येत असंल. म्हणा की." आई म्हणाली, "मला नाय येत." तिच्या शेजारी मी बसले होते. आईला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

चाचांनी परीक्षा दिली नाही. उन्हाळा लागायच्या सुमाराला त्यांच्या घराला कुलूप दिसलं. हैदराबादला थोरल्या भावाकडं गेले असं शेजाऱ्यांनी सांगितलं. बाबांना त्यांनी कळवलं नव्हतं. बाबा त्या कुलपासमोर उभे राहून आले आणि आईला एवढंच म्हणाले, "गेले." आईनं चुलीवरचं उतरवून ठेवलं. त्या संध्याकाळी आमच्याकडं कुणी जेवलं नाही. खिडकीच्या फळीवरचा कप आईनं घासून ठेवला, आणि तो पुढं कधीतरी फुटेपर्यंत तिथंच होता.

बाबांनी परीक्षा दिली. पास झाले, पण जेमतेम. नव्या साहेबांना त्यांचं मराठी अक्षर पसंत पडेना, म्हणून त्यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. तिथं अजून उर्दू वाचणारा माणूस लागत होता. नोकरीची बाकीची सगळी वर्षं बाबांनी त्या खोलीत काढली, धूळ झाडत आणि कुणी वारस आला तर त्याच्या आज्याच्या जमिनीचा कागद वाचून दाखवत. आईवर ते एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं संसार केल्यावर वाटायला लागलं. पाटी त्यांनी माळ्यावर टाकली आणि लिहिण्याचा सराव कचेरीतच करायला लागले. घरी त्यांनी काही लिहायचं आणि आईनं आत ऐकायचं, तेवढं थांबलं. आई जुन्या ओव्या म्हणायची, आरत्या म्हणायची. स्वतःचं काही जोडायची नाही. मांजरीनं दूध सांडलं तर ती फडकं घेऊन पुसायची.

गाण्याचं मात्र पुढं नशीब निघालं. बँडवाल्यांनी त्याची चाल उचलली. मग मुंबईहून कुणीतरी त्याची तबकडी काढली. तीत मुनशी जाऊन नवरदेव आला, आणि "कोणीकडून लिहू"चं "कोणीकडून येऊ" झालं. मी शिक्षिका झाले तेव्हा गॅदरिंगला मुलं ते आपल्या गणिताच्या मास्तरांवर रचून म्हणायची. चिकलठाण्याला कारखाने आले तेव्हा संपातले कामगार फाटकासमोर बसून साहेबाच्या गाडीला उद्देशून तेच म्हणताना मी ऐकलंय. निवडणुकीत तर दोन्हीकडचे लोक ते म्हणायचे. उजवं-डावं त्यांना आयतंच सापडलं. आता लग्नाच्या हॉलमध्ये ते इतक्या मोठ्यानं लावतात की छातीत धडधडतं, आणि पोरं एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं उड्या मारतात. गंमत म्हणजे टोपीचं कडवं कुणाला येत नाही. कधी गळालं, कुणी गाळलं, देव जाणे. मामानं गाळलं नाही एवढं मला माहीत आहे. तो म्हातारा होईपर्यंत तेच कडवं आधी म्हणायचा. त्या बोचऱ्या कडव्याबरोबर अलिफही गेला, वेलांटीही गेली, ताटही गेलं. राहिली नुसती उडी. माझी नात मला म्हणाली, "आजी, या गाण्याला काही अर्थच नाहीये, म्हणून ते भारी आहे." मी हो म्हटलं.

बाबा गेल्यावर आई माझ्या धाकट्या भावाकडं चिकलठाण्याच्या बाजूला राहायला गेली. मी सुटीत तिच्यापाशी असायची. एकदा लोकगीतं गोळा करणारी एक मुलगी तिथं आली, हातात बोटभर लांबीचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र. आई तेव्हा खूप थकली होती, पण आवाज शाबूत होता. तिनं त्या मुलीला दुपारभर ओव्या म्हणून दाखवल्या, डोहाळे म्हटले, पाळणे म्हटले. मुलगी खूश झाली. उठता उठता म्हणाली, "आजी, ते उजवीकडून-डावीकडून आपल्या इथलंच आहे म्हणतात. तुम्हांला जुनी कडवी येतात का? कुणी केलं ते कुणालाच माहीत नाही."

मी तोंड उघडणार होते. आईनं माझ्याकडं पाहिलं.

"ते पुरुषांचं गाणं आहे बाई," ती म्हणाली. "बायकांचं नाय."

"मग कवी अज्ञात असंच टाकते."

"टाक."

ती गेल्यावर मी आईला म्हटलं, "का नाही सांगितलंस? एवढी वर्षं झाली. आता कोण काय म्हणणार होतं?"

आई म्हणाली, "काय सांगू? आख्खा मुलूख ज्याच्यावर नाचतो ते मी केलं असं सांगू, का त्यानं सिराजभाई गेले ते सांगू? एक सांगितलं की दुसरं सांगावं लागतं."

"ते गाण्यानं गेले नाहीत गं. सगळीच जात होती तेव्हा. नोकऱ्या राहिल्या नव्हत्या, मुलांचं काय होईल ही धास्ती होती..."

"व्हय. सगळीच गेली," आई म्हणाली. "पण बाकीच्यांना मी नव्हते हसले."

पुढच्या वर्षी ती गेली.

तिनं नको म्हटलं होतं, तरी हे मी लिहिते आहे. तिचं म्हणणं मला पटतं, म्हणून दोन्ही सांगितलं, एक लपवून दुसरं सांगितलं नाही. सिराजचाचा हैदराबादला किती वर्षं जगले, तिथं त्यांना कुठलं काम मिळालं, आम्हांला कधी कळलं नाही. आणि ते गाणं कुणी केलं असं कुणी विचारलं, तर ते माझ्या आईनं केलं, औरंगाबादेत, गुलमंडीच्या मागं, आपल्या नवऱ्याला आणि त्याच्या मित्राला हसवायला. तिचं नाव यमुना होतं.